शून्य ते शंभर, आणि शंभर ते शून्य

मोटारींच्या जगात एक आकडा गेली कित्येक दशके प्रतिष्ठेचा होऊन बसला आहे. उभी गाडी ताशी शंभर किलोमीटरचा वेग किती सेकंदांत गाठते, हा तो आकडा. बीएमडब्ल्यूच्या ‘एम-५’चे उदाहरण घेऊ. चार दारांची ऐसपैस गाडी, आतून एखाद्या बड्या अधिकाऱ्याच्या दालनासारखी आणि पळायला मात्र शर्यतीच्या गाडीसारखी, असा जो मोटारींचा वर्ग आहे, त्यातले हे जुने आणि मानाचे नाव. पहिली एम-५ १९८० च्या दशकाच्या मध्यावर आली तेव्हा तिची ताकद २८६ अश्वशक्ती होती, वजन सुमारे १,४३० किलो होते आणि शून्य ते शंभरला तिला साधारण साडेसहा सेकंद लागत. आजची सातव्या पिढीची एम-५ पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर मिळून ७२७ अश्वशक्ती देते. तिचे वजन २,४०० किलोच्या वर गेले आहे. तरीही ती साडेतीन सेकंदांत शंभर गाठते. भारतात तिची किंमत दोन कोटी रुपयांच्या घरात आहे.

चाळीस वर्षांत ताकद अडीच पट झाली आणि वेळ जवळजवळ निम्म्यावर आला. या चाळीस वर्षांत एक गोष्ट मात्र तशीच राहिली. चाक हातात धरणाऱ्या माणसाचे डोळे, कान, मेंदू आणि ब्रेकवर जाणारा पाय यांची नवी पिढी काही आलेली नाही. त्यामुळे अशा गाडीची ‘टेस्ट ड्राइव्ह’ घेताना नेमके काय तपासायचे, हा प्रश्न मोटारींच्या शौकिनांपुरता उरत नाही. तो शरीरशास्त्राचा आहे, मानसशास्त्राचा आहे आणि रस्त्यावरून चालणाऱ्या प्रत्येकाच्या आरोग्याचाही आहे.

आधी साडेतीन सेकंदांत शरीराला काय होते ते पाहू. शून्यापासून ताशी शंभर किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. तो वेग साडेतीन सेकंदांत गाठायचा तर सरासरी त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ८० टक्के पडते. सत्तर किलो वजनाचा माणूस त्या वेळी आसनाच्या पाठीवर असा दाबला जातो, की छातीवर कुणी ५६ किलोचे ओझे ठेवावे. प्रवासी विमान धावपट्टीवर उड्डाणासाठी जोर करते तेव्हाचे त्वरण याच्या साधारण एक तृतीयांश असते. यावरून कल्पना यावी.

हा जोर आपल्याला कळतो तो मुख्यतः कानामुळे. अंतर्कर्णात दोन इवल्या पिशव्या असतात. त्यांच्यातल्या जेलीसारख्या थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे खडूच्याच रसायनाचे, अतिसूक्ष्म खडे बसलेले असतात. गाडी पुढे झेपावली की हे खडे जडत्वामुळे मागे राहतात, त्यांच्याखालच्या केसासारख्या तंतूंना वाकवतात आणि मेंदूकडे संदेश जातो. सोबत ॲड्रेनलिन उसळते, छातीची धडधड वाढते, तळहातांना घाम सुटतो. त्वरण एवढे मोठे असेल तर गाडीचे नाक वर उचलले गेल्यासारखेही वाटते. वैमानिकांना रात्रीच्या उड्डाणात हाच भास चकवतो. थोडक्यात, हा अनुभव खरा आहे आणि विलक्षण आहे. ‘त्यात काय एवढे’ म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही.

माझा एक अस्थिरोगतज्ज्ञ मित्र अशीच एक गाडी घेण्याच्या विचारात होता. तिची टेस्ट ड्राइव्ह घ्यायला त्याने मला सोबत नेले. पुण्याच्या वेशीवरचा रुंद रस्ता, सकाळची वेळ, शेजारच्या आसनावर शोरूमचा तरुण प्रतिनिधी. पहिल्यांदा मित्राने पाय दाबला तेव्हा आम्हा तिघांच्याही तोंडून आवाज निघाला. पण पायाचा दाब सुरू झाल्यावर ताशी साठचा आकडा यायला दोन सेकंद पुरले, आणि पाय उचलावा लागला. पुढे टेम्पो होता. दुसऱ्यांदा मोकळा पट्टा मिळाला तेव्हा आम्ही फक्त हसलो. तिसऱ्यांदा तो झेपावला तेव्हा आमचे दवाखान्यातल्या नव्या यंत्रांविषयीचे बोलणे मध्ये थांबलेसुद्धा नाही. परत येताना तो म्हणाला, “गंमत आहे रे. पहिल्या खेपेला काळजाचा ठोका चुकला होता. तिसऱ्या खेपेला मी सिग्नल कधी सुटतो ते बघत होतो.”

त्या वाक्यात मेंदूविज्ञानाचा एक मोठा शोध दडलेला आहे. वुल्फ्राम शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन स्रवणाऱ्या पेशींचा अनेक वर्षे अभ्यास केला. माकडाला अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की या पेशी सळसळत. पण दिवा लागल्यावर रस मिळतोच, हे माकडाला एकदा कळले की पेशी दिवा लागताच सळसळायच्या, प्रत्यक्ष रस मिळाल्यावर शांत राहायच्या. आणि दिवा लागूनही रस मिळाला नाही, तर त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही खाली जायची. १९९७ मध्ये शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात याचा अर्थ मांडला. या पेशी सुख मोजत नाहीत. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांच्यातला फरक मोजतात.

आपल्याकडे ‘नव्याचे नऊ दिवस’ म्हणतात ते याहून वेगळे नाही. पहिल्या झेपेला अपेक्षेपेक्षा जास्त मिळाले म्हणून मेंदू उसळला. तिसऱ्या झेपेला अपेक्षेइतकेच मिळाले, फरक शून्य. यात गाडीचा दोष नाही. मेंदूची घडणच अशी आहे, आणि ती उपयोगाची आहे. प्रत्येक ओळखीच्या गोष्टीने आपण पहिल्या दिवसाइतकेच भारावून जात राहिलो असतो, तर दुसरे काही शिकणेच झाले नसते. मात्र याचा एक परिणाम खिशावर होतो. जास्तीची चारशे अश्वशक्ती ज्या सुखासाठी विकत घ्यायची, ते सुख सर्वांत आधी ओसरते. उरतात ते हप्ते, विमा आणि टायरचा खर्च.

याच प्रश्नाला मानसशास्त्रज्ञांनी दुसऱ्या बाजूने हात घातला आहे. मिशिगन विद्यापीठातले नॉर्बर्ट श्वार्त्झ आणि जिंग शू यांनी, नोबेलविजेते डॅनियल काहनेमान यांच्यासह, मोटारमालकांना साधे प्रश्न विचारले. ‘तुमची गाडी चालवताना तुम्हाला एरवी कसे वाटते?’ या प्रश्नाच्या उत्तरांत गाडीची किंमत आणि आनंद यांचा संबंध दिसला. गाडी जितकी महाग तितका आनंद जास्त. मग लोकांना त्यांचा अगदी अलीकडचा प्रवास आठवायला सांगितला आणि त्या प्रवासात कसे वाटले ते विचारले. तेव्हा किमतीचा आणि आनंदाचा संबंध जवळजवळ पुसला गेला. कारण सरळ आहे. त्या प्रवासात माणसे गाडीचा विचारच करत नव्हती. ऑफिसातला तंटा, मुलाची परीक्षा, पुढचा खड्डा, सोबतच्या माणसाशी चाललेले बोलणे, यांनी मन भरलेले होते. महागडी गाडी सुख देते ते मुख्यतः आपण तिचा विचार करत असतो तेव्हा, असा काहनेमान यांच्या विवेचनाचा सारांश आहे.

आता टेस्ट ड्राइव्हकडे या नजरेने पाहा. ती पंधरा-वीस मिनिटे अशी आखलेली असतात, की आपण गाडीशिवाय दुसऱ्या कशाचाही विचार करू नये. गाडी धुऊनपुसून चमकवलेली. रस्ता निवडलेला. फोन बंद, मुले घरी, शेजारी बसलेला माणूस एकेक वैशिष्ट्य सांगणारा. आवाजसुद्धा योजलेला असू शकतो. २०११ च्या एम-५ मध्ये इंजिनाचा आवाज गाडीतल्या स्पीकरमधून ऐकवण्याची सोय कंपनीने केली होती. केबिन इतकी शांत झाली होती, की ताकदीचा प्रत्यय यावा म्हणून तिचा आवाज आत आणावा लागला. म्हणजे टेस्ट ड्राइव्हमध्ये आपण गाडीकडे लक्ष ठेवून गाडी चालवतो, आणि पुढची दहा वर्षे दुसरीकडे लक्ष ठेवून. पहिल्याची परीक्षा घेऊन दुसऱ्याविषयीचा निर्णय घ्यायचा, हीच या प्रकारातली मूळ गफलत आहे.

इथे कुणी म्हणेल, हौसेला मोल नसते. अगदी मान्य. शिवाय अशा गाड्यांत पैसा केवळ चैनीवर जात नाही. त्यांचे ब्रेक उत्तम असतात, टायर रुंद असतात. घसरू लागलेल्या गाडीला एकेका चाकाचा ब्रेक वेगळा लावून सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते, आणि या यंत्रणेमुळे अपघात कमी होतात हे जगभर सिद्ध झाले आहे. हे सगळे खरे आहे. पण मग एक छोटे गणित करून पाहू. चांगली सर्वसाधारण गाडी कोरड्या रस्त्यावर ताशी शंभरवरून थांबायला चाळीस ते पंचेचाळीस मीटर घेते. उत्तम टायर-ब्रेकची ही श्रीमंत गाडी पस्तीस मीटरच्या आसपास थांबते. फायदा झाला सुमारे दहा मीटरचा. आणि ताशी शंभरच्या वेगात अर्ध्या सेकंदात गाडी कापते चौदा मीटर. म्हणजे फोनकडे टाकलेल्या अर्ध्या सेकंदाच्या एका नजरेत दोन कोटींच्या ब्रेकचा सगळा फायदा संपतो.

ब्रेकवर पाय जाण्याआधीही वेळ जातो. समोर काही आडवे आले, ते दिसले, धोका आहे हे उमगले आणि पाय हलला, या साखळीला सावध माणसालाही साधारण दीड सेकंद लागतो. भारतात रस्त्यांची आखणी करताना तर हा काळ अडीच सेकंद धरला जातो. दीड सेकंदात, शंभरच्या वेगाने, ४२ मीटर जातात. चार एसटी बस एकामागे एक उभ्या केल्या तर जवळपास एवढे अंतर भरेल. एवढे अंतर गाडी पूर्ण वेगाने गेलेली असते आणि मग ब्रेक लागायला सुरुवात होते. या ४२ मीटरांत एका सेंटीमीटरची बचत करणारे इंजिन अजून कुणी बनवलेले नाही.

वेगाची जाणीव हा तर आणखी फसवा भाग. अंतर्कर्णातले ते खडे वेग मोजत नाहीत, वेगातला बदल मोजतात. गाडी एकसारखी ताशी १३०ने जात असेल तर त्यांच्या लेखी ती उभीच आहे. मग वेगाचा अंदाज आपण डोळ्यांपुढून सरकणाऱ्या दृश्यावरून, वाऱ्याच्या आणि टायरच्या आवाजावरून, आसनातून येणाऱ्या थरथरीवरून करतो. महागड्या गाडीचे अभियंते नेमकी हीच थरथर आणि हाच आवाज गाळून टाकायला झटत असतात. त्यालाच आपण आराम म्हणतो. गाडीतला आवाज कमी केला की चालक वेग प्रत्यक्षापेक्षा कमी समजतात, हे प्रयोगांतून दिसले आहे. बराच वेळ वेगात गेल्यावर तोच वेग संथ भासू लागतो, हेही दिसले आहे. महामार्गावरून गावात शिरताना ‘आता आपण अगदी हळू चाललो आहोत’ असे वाटते तेव्हा काटा सत्तरवर असतो, हा पुष्कळांचा अनुभव आहे.

समृद्धी महामार्गाचा विचार इथे करायला हवा. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर, बहुतांश सरळ, आजूबाजूला वस्ती नाही, समोर तोच करडा पट्टा. सपाट भागात मोटारींना ताशी १२०ची मर्यादा आहे. अशा रस्त्यावर शांत, थंड, मऊ आसनाची, ताकदवान गाडी म्हणजे मेंदूला जागे ठेवणाऱ्या बहुतेक सगळ्या खुणा काढून घेणे होय. साध्या गाडीत १२०ला स्टिअरिंग थरथरते, खिडकीला वारा घोंघावतो आणि माणूस आपसूक पाय सैल करतो. ती कटकट एक प्रकारचा पहारेकरीच असते. या गाड्यांत तो पहारेकरी रजेवर असतो.

शरीर वेगाला सरावते. पदार्थविज्ञान सरावत नाही. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे शाळेत शिकलेले सूत्र उंचीच्या भाषेत मांडले की अंगावर येते. ताशी ५०च्या वेगातली धडक म्हणजे दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून, पडणे. ताशी १०० म्हणजे ३९ मीटर, सुमारे तेरा मजले. ताशी १४० म्हणजे ७७ मीटर, पंचवीस मजल्यांच्या वर. वेग शंभरवरून एकशेचाळीस होतो तेव्हा आपल्याला तो ‘थोडा वाढवला’ असे वाटते. प्रत्यक्षात इमारतीला आणखी बारा मजले चढलेले असतात. गाडीतल्या माणसांसाठी एअरबॅग आहेत, चुरगळून धक्का पचवणारा सांगाडा आहे. रस्त्यावरच्या माणसाकडे यातले काहीच नाही.

आणि रस्त्यावरच्या माणसाचीही एक अपेक्षा असते, तिचा विचार टेस्ट ड्राइव्हमध्ये कधीच होत नाही. रस्ता ओलांडणारी बाई, चौकातून वळणारा रिक्षावाला, दुचाकीवरून कामावर निघालेला तरुण, हे सगळे दर मिनिटाला एक अंदाज बांधत असतात: ती गाडी तिथे आहे, इथे पोहोचायला तिला इतका वेळ लागेल, तोवर मी जाऊ शकतो. हा अंदाज आयुष्यभर पाहिलेल्या साध्या गाड्यांच्या चालीवर बेतलेला असतो. उभी असलेली गाडी दोन सेकंदांत साठवर येऊ शकते, ही शक्यता त्यांच्या हिशेबातच नसते. चालकाला ती झेप गंमत म्हणून परिचयाची झालेली असते. समोरच्याला मात्र ती आयुष्यात पहिल्यांदाच भेटते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांतल्या सुमारे ७० टक्के मृत्यूंची नोंद अतिवेगाच्या खात्यावर आहे. मेलेल्यांत दुचाकीस्वार आणि पादचारी मिळून जवळपास दोन तृतीयांश होते. यातले बहुसंख्य अपघात आलिशान गाड्यांमुळे झालेले नाहीत. अशा गाड्या आहेतच किती? पण मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात पहाटे एका भरधाव पोर्शे गाडीच्या धडकेत दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, तेव्हा एकट्या गाडीची ताकद काय करू शकते हे राज्याने पाहिले. त्या प्रकरणात चालकाच्या अल्पवयाची, मद्याची आणि रक्ताच्या नमुन्यांची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण त्यामागचा एक प्रश्न मागेच राहिला. प्रौढ, परवानाधारक, शुद्धीतल्या माणसाच्या हाती तरी एवढी ताकद आपण कशाच्या भरवशावर देतो?

आपल्याकडे मोटारीचा परवाना एकच. सुमारे ६७ अश्वशक्तीची ऑल्टो चालवून दाखवली की ७२७ अश्वशक्तीची गाडी चालवायला माणूस कायद्याने लायक ठरतो. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया या राज्यांत असे नाही. तिथे नवशिक्या चालकांना वजनाच्या टनामागे १३० किलोवॅटपेक्षा जास्त ताकदीच्या गाड्या चालवायला बंदी आहे. आजची एम-५ या मापाने २२० च्या आसपास जाते. साउथ ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२४ पासून याहूनही ताकदवान गाड्यांसाठी वेगळा परवाना आणि त्यासाठीचे प्रशिक्षण सक्तीचे केले आहे. यात श्रीमंतांचा दुस्वास नाही. औषधाची मात्रा वाढली की देखरेख वाढते, तसेच हे आहे.

मग गाडी घेणाऱ्याने करायचे काय? पंधरा मिनिटांच्या झेपेऐवजी रोजच्या कंटाळ्याची परीक्षा घ्यावी. शोरूमकडे किमान तासाभराचा वेळ मागावा. दोन कोटींच्या व्यवहारात ही मागणी मुळीच जास्त नाही. त्यातला अर्धा वेळ आपल्या नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या गर्दीत घालवावा. माझ्या त्या मित्राने दुसऱ्या वेळी आईला सोबत नेले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या बाईंना खाली बसलेल्या त्या गाडीत शिरायला त्रास झाला आणि उतरताना दोघांचा हात लागला. गुडघ्यांवर रोज शस्त्रक्रिया करणाऱ्या मुलाला तो अर्धा मिनिट बरेच सांगून गेला. आसन खाली असले की उठताना गुडघ्यावर आणि मांडीच्या स्नायूंवर जोर जास्त येतो. पन्नाशीत घेतलेली गाडी आपण साठीतही वापरणार असतो, हे विसरू नये.

कमरेचीही परीक्षा घ्यावी. उभ्या दिशेच्या कंपनांत, सेकंदाला साधारण चार ते आठ वेळा होणारी थरथर माणसाच्या धडाला सर्वांत जास्त जाणवते. वेगासाठी बनवलेल्या गाडीची चाके मोठी आणि टायरची भिंत बुटकी असते, त्यामुळे खड्ड्याचा दणका मुरायला रबर कमी उरते. गुळगुळीत रस्त्यावर हे कळत नाही. म्हणून गावातला गतिरोधक, सिमेंटच्या रस्त्याचे सांधे, पावसाने उखडलेला पट्टा यांवरून गाडी न्यावी, आणि त्या वेळी मागे बसून पाहावे. मागे बसल्यावर पट्टा लावावा आणि तो सहज हाताला येतो का तेही बघावे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा गाडी आलिशानच होती. मागच्या आसनावरच्यांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले होते.

पडद्याची परीक्षा घ्यावी. वातानुकूलन कमी करणे, काचेवरचे धुके घालवणे, अशी साधी कामे करायला रस्त्यावरून नजर किती वेळ हटते, हे शेजारच्याला मोजायला सांगावे. गाडी उभी असतानाच ही मोजणी करावी. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेच्या मार्गदर्शक सूचनांत एका वेळची नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त हटू नये असे म्हटले आहे. ताशी ८०ला दोन सेकंद म्हणजे ४४ मीटर आंधळा प्रवास. रात्रीही एकदा गाडी चालवून बघावी. दिव्यांचा उजेड, आतल्या पडद्यांची चमक, काचेवरची प्रतिबिंबे दिवसा कळत नाहीत, आणि चाळिशीनंतर डोळ्यांना अंधाराशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. जुलै २०१९ पासून भारतातल्या नव्या मोटारींत ताशी ८०च्या वर इशारा आणि १२०च्या वर सतत वाजणारी सूचना सक्तीची आहे. ती कुठे बंद करता येते हे विचारण्याऐवजी, वेगाची मर्यादा ठरवून ठेवायची सोय कुठे आहे, ते शोरूममध्ये विचारावे. कान जे सांगत नाहीत ते या यंत्राने सांगावे, एवढ्यासाठीच ते आहे.

एवढे सगळे पाहूनही गाडी आवडली तर खुशाल घ्यावी. आवडीच्या गाडीचा आनंद खोटा नसतो. फक्त तो आनंद कशातून टिकतो हे आधी ओळखावे. उत्तम आसन, शांत केबिन, विश्वासू ब्रेक आणि मागे निवांत डुलकी घेणारी आई, यांचे सुख झेपेसारखे छातीत धडकत नाही. पण ते दहा वर्षे पुरते.

आणि विकणाऱ्यांकडून एक अपेक्षा ठेवायला हरकत नाही. ब्रिटनच्या जाहिरात संहितेत वेग किंवा त्वरण हा मोटारीच्या जाहिरातीचा मुख्य संदेश असू नये, असा नियम आहे. तेवढे आपल्याकडे लगेच होणार नसेल, तर निदान माहितीपत्रकात एक ओळ वाढवावी. जिथे ठळक अक्षरांत शून्य ते शंभरचे सेकंद छापतात, तिथेच, तेवढ्याच अक्षरांत, शंभर ते शून्यचे मीटर छापावेत, कोरड्या रस्त्यावरचे आणि ओल्या रस्त्यावरचेही. त्याखाली चालकाचा दीड सेकंद मोजून ते ४२ मीटर मिळवावेत. पहिला आकडा गाडी घेणाऱ्याच्या हौसेचा आहे. दुसरा आकडा, गाडीच्या पुढ्यात जो कुणी येईल त्याच्या आयुष्याचा आहे.